केळीबागेच्या कंट्रोलरचं कर्नल: ऑप्टिमायझेशन दुरुस्तीच्या नोंदी

१२ मे, जळगाव

काम: ठिबकच्या व्हॉल्व्ह कंट्रोलरचं फर्मवेअर ओ-झिरोवरून (कंपायलरची ऑप्टिमायझेशनविना लेव्हल) ओ-एसवर (कोड लहान करणारी लेव्हल) नेणं.

गरज कुठून आली ते आधी. बोर्डवर एसटीएम३२एफ१०३ आहे: कॉर्टेक्स-एम३, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम. आतापर्यंत शेतकऱ्याच्या फोनवर इंग्रजी मेसेज जायचे. आता ते मराठीत हवेत, आणि मागणी रास्त आहे. पण देवनागरीचा एक एसएमएस ७० अक्षरांचा, इंग्रजीचा १६०चा. म्हणजे मजकूर तोडायचा, जोडायचा, यूटीएफ-८मधून एसएमएसच्या यूसीएस-२ लिपीसंकेतात न्यायचा. वर फ्लॅशमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. लिंकरने हात वर केले, फ्लॅश नऊ केबीने ओसंडली.

कर्नल म्हणजे लिनक्स नव्हे. टास्क बदलणं, टिक, रांगा, सेमाफोर, एवढंच. दीडेक हजार ओळींचं सी. ज्यांनी लिहिलं ते आता पुण्यात असतात, फोन केला की मनापासून बोलतात. त्यांचा सल्ला एकच: ओ-झिरोला हात लावू नका. मेकफाइलमध्येही तशीच ताकीद लिहिलेली.

ओ-एस लावलं. बिल्ड ४१ केबीत बसलं. बोर्डवर एलईडी एकदा लागला तो लागूनच राहिला.

इंटर्न मुलाने तासाभरात एक ब्रँच करून आणली, सगळ्या ग्लोबल व्हेरिएबलांवर व्होलटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाचा-लिहा, ही कंपायलरला ताकीद). "दादा, चालतंय." चाललं खरं, थोडा वेळ. मग हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसरने चूक पकडून काम थांबवलं. ब्रँच ठेवून दिली आहे, पण त्या वाटेने जायचं नाही. प्रत्येक दुरुस्तीमागचं कारण ऑब्जडंपमध्ये (कंपायलरने बनवलेल्या मशीन कोडची यादी) बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, नाहीतर ती दुरुस्ती मुख्य ब्रँचमध्ये येणार नाही.

शोधायची पद्धत: ऑब्जेक्ट फाइली कोणत्याही लेव्हलच्या असल्या तरी एकमेकींना जोडता येतात. म्हणून अर्ध्या ओ-झिरोने, अर्ध्या ओ-एसने. जी निम्मी मोडते तिचे पुन्हा दोन भाग. एकेका फंक्शनवर ऑप्टिमाइझ अॅट्रिब्यूट लावून ते ओ-झिरोला ठेवता येतं, पण ते फक्त शोधण्यापुरतं. आमच्या कंपायलरची, जीसीसीची, माहितीपुस्तिकाच सांगते की हे डीबगिंगसाठी आहे, कायमच्या कोडसाठी नाही.

मृगबागेची लागवड जूनमध्ये सुरू होईल. तोवर बोर्ड द्यायचेत.

१३ मे

अपेक्षेप्रमाणे पहिला सापडला तो टिक. सिस्टिक या चिपमधल्या टायमरचा इंटरप्ट (चालू काम थांबवून आपला हँडलर चालवणारा इशारा) दर मिलिसेकंदाला एक आकडा वाढवतो आणि थांबणारं फंक्शन "आकडा एवढा होईपर्यंत फिरत राहा" म्हणतं. कंपायलरच्या नजरेने त्या लूपमध्ये तो आकडा कोणीच बदलत नाही. इंटरप्ट हँडलरला कोणी हाक मारताना त्याला दिसत नाही. म्हणून मेमरीतून एकदाच वाचायचं आणि पुढे रजिस्टरमधल्या प्रतीवर भागवायचं. ऑब्जडंपमध्ये लोड लूपच्या वर गेलेला आहे आणि लूप म्हणजे स्वतःवरच उडी मारणारी एक सूचना.

इथे व्होलटाइल हवाच. पण व्हेरिएबलवर की वाचण्याच्या जागेवर? मी वाचण्याच्या जागेवर लावला, लिनक्सच्या रीड-वन्ससारखा छोटा मॅक्रो करून. कारण हाच आकडा खुद्द हँडलरमध्येही वापरला जातो. तिथे दर वेळी मेमरीत जायची गरज नाही, आणि कोड वाचणाऱ्यालाही कळतं की धोका नेमका कुठल्या ओळीत आहे. लिनक्समध्ये पूर्वी अॅक्सेस-वन्स होतं. स्ट्रक्चरसारख्या प्रकारांवरचा व्होलटाइल जीसीसी ४.६ आणि ४.७ गाळू शकतात असं लक्षात आल्यावर ३.१९पासून रीड-वन्स आणि राइट-वन्स आले, आणि ४.१५मध्ये जुना मॅक्रो काढून टाकला.

एलईडी लुकलुकायला लागला. पहिला टास्क चालतो. दुसऱ्यावर जाताना मरतो.

१५ मे

आज ४४ अंश. एमआयडीसीत दुपारी वीज गेली, लॅपटॉपच्या बॅटरीवर जीडीबी हा डीबगर.

टास्क बदलण्याचं काम पेंडएसव्ही हँडलर करतो. कॉर्टेक्स-एम३मध्ये इंटरप्ट आला की हार्डवेअर स्वतः आठ रजिस्टर स्टॅकवर ठेवतं: आर-० ते आर-३, आर-१२, एलआर (परतीचा पत्ता), पीसी (चालू सूचनेचा पत्ता) आणि स्टेटस. उरलेली आर-४ ते आर-११ कर्नलने सांभाळायची. हा हँडलर साध्या सी फंक्शनमध्ये इनलाइन असेंब्ली घालून लिहिला आहे, आणि सगळं दुखणं त्या "साध्या"मध्ये आहे.

ओ-झिरोला जीसीसी थंब कोडमध्ये आर-७ला फ्रेम पॉइंटर करतं. हँडलर पुढे शेड्युलरला (पुढचा टास्क निवडणारं फंक्शन) हाक मारतो, म्हणून फंक्शनच्या तोंडाशी आर-७ आणि एलआर स्टॅकवर ढकलले जातात. मूळ लेखकांनी हे डिसअसेंब्लीत पाहिलं असणार. त्यांनी असेंब्लीची पहिलीच ओळ लिहिली ती हे दोन्ही परत काढून घेणारी, म्हणजे टास्कचा खरा आर-७ हाती येतो. हुशारी आहे, यात शंका नाही. फक्त ती कंपायलरच्या एका विशिष्ट लेव्हलवरच्या सवयीवर बेतलेली आहे, आणि ती सवय कंपायलरने कुठेही लिहून दिलेली नाही.

ओ-एसला शेड्युलर लहान म्हणून हँडलरमध्येच विरघळला. आता हे फंक्शन कोणालाच हाक मारत नाही, मग एलआर कशाला जपायचा? ढकलणं गेलं, हाताने लिहिलेलं काढणं राहिलं. मुख्य स्टॅकवरचे आठ बाइट, जे आपले नव्हतेच, ते एलआरमध्ये आणि आर-७मध्ये. परतीची उडी कुठेतरी भलतीकडे. हार्डफॉल्ट.

इंटर्नचा प्रश्न: "शेड्युलरवर नो-इनलाइन लावलं तर?" लावून बघितलं, बोर्ड चालला. आणि ते जास्त वाईट. आता कंपायलर आर-७ऐवजी आर-३ आणि एलआर ढकलतो; आर-३ तिथे केवळ स्टॅक आठ बाइटच्या पटीत राहावा म्हणून असतो. एलआर जागेवर सापडतो, त्यामुळे उडी बरोबर बसते, पण आर-७मध्ये आर-३ची किंमत येते आणि टास्कचा आर-७ गुपचूप बिघडतो. हा कोड बागेत गेला असता तर कधीतरी भलताच व्हॉल्व्ह उघडला असता आणि आम्ही वायरिंग तपासत बसलो असतो. ढळढळीत हार्डफॉल्ट त्यापेक्षा परवडला.

नेकेड अॅट्रिब्यूटचा विचार केला. त्याने तोंडाचं आणि शेवटचं ढकलणं-काढणं थांबतं, पण अशा फंक्शनमध्ये नुसती असेंब्लीच सुरक्षित. सीच्या ओळी चालल्या तर नशिबाने. मग अर्धवट कशाला? हँडलर सरळ वेगळ्या असेंब्ली फाइलमध्ये हलवला. प्रोसेस स्टॅक पॉइंटर घ्या, आर-४ ते आर-११ ठेवा, आर-३ आणि एलआर ढकला, शेड्युलरला हाक मारा, उलट्या क्रमाने परत या. सी आणि असेंब्ली यांच्यातली सीमा आता एबीआयने, म्हणजे फंक्शनांनी रजिस्टर कसे वापरायचे याच्या कराराने, ठरवलेली आहे, आणि तो करार ऑप्टिमायझेशनच्या लेव्हलने बदलत नाही.

पुण्याला फोन केला. ते म्हणाले, "अरे, तेव्हा एका रात्रीत चालवायचं होतं." कळतं.

१६ मे

दोन टास्क, तीन टास्क, छान. सगळे टास्क एकदम झोपले की फॉल्ट. फॉल्टच्या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये, बीएफएआरमध्ये, रॅम संपल्यावरचा पहिलाच पत्ता. हा आकडा ओळखीचा वाटला, पण कुठे पाहिला ते दुपारपर्यंत आठवेना.

तो व्हेक्टर टेबलाचा (हँडलरच्या पत्त्यांची यादी) पहिला शब्द आहे! मुख्य स्टॅकची सुरुवात.

झालं असं. तयार टास्क कोणी नसेल तर शेड्युलरच्या यादीतून नल (कशाकडेच न दाखवणारा, शून्य पॉइंटर) येतो. कोड आधी त्या पॉइंटरमधून स्टॅकचा पत्ता वाचतो, मग पुढच्या ओळीत "नल आहे का" विचारतो, असला तर आयडल टास्ककडे वळतो. क्रम उलटा. सीच्या नियमाप्रमाणे नलमधून वाचणं मुळात चालत नाही. त्यामुळे ज्याअर्थी तुम्ही वाचलंत त्याअर्थी तो नल नव्हता, असं कंपायलर धरतो आणि नंतरची तपासणी पुसतो. मोठ्या मशीनवर निदान तिथल्या तिथे क्रॅश होईल. इथे फ्लॅशवरून बूट केल्यावर शून्य पत्त्यावर फ्लॅशच दिसते, वाचायला कोणी अडवत नाही, आणि स्टॅक पॉइंटर हे स्ट्रक्चरचं पहिलं फील्ड असल्याने हाती येतो तो अगदी खरा दिसणारा पत्ता. तिथून आर-४ उचलायला गेलं की रॅमच्या कुंपणाबाहेर.

ओ-झिरोला फुकटचं वाचन व्हायचं, तपासणी जागेवर असायची, काम निभायचं.

हीच चूक लिनक्समध्ये २००९ साली गाजली होती. २.६.३०च्या टन ड्रायव्हरमध्ये (आभासी नेटवर्क कार्ड) पॉइंटर आधी वापरला, तपासला नंतर. जीसीसीने तपासणी काढली आणि त्यातून रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळवणारा एक्स्प्लॉइट निघाला. त्यानंतर लिनक्सच्या बिल्डमध्ये नल तपासण्या पुसू नका असं सांगणारा फ्लॅग कायमचा आला.

आपण ओळींचा क्रम सरळ केला आणि तो फ्लॅगही लावला. एरवी फ्लॅगवर विसंबणं मला पटत नाही. पण या चिपवर शून्य पत्ता खरोखरच वाचता येतो, म्हणजे कंपायलरचं गृहीतक इथे हार्डवेअरलाच धरून नाही. असं असेल तर ते त्याला सांगायला हवं.

१८ मे

लॅपटॉपवरून यूएआरटीवर (सिरियल पोर्ट) मेसेजचा मारा. बहुतेक पोचतात. मधूनच एखादा नाहीसा होतो, आधीचा दोनदा येतो.

रांगेत टाकताना इंटरप्ट बंद, मग मजकूर, मोजणी एकने वाढवा, इंटरप्ट चालू. दिसायला निर्दोष. इंटरप्ट बंद-चालू करणाऱ्या असेंब्लीवर व्होलटाइलही आहे. पण त्या व्होलटाइलचं वचन एवढंच की ही सूचना पुसली जाणार नाही आणि दुसऱ्या व्होलटाइल गोष्टींपुढे-मागे सरकणार नाही. साध्या व्हेरिएबलांवर त्याची सत्ता नाही. कंपायलरने मोजणी रजिस्टरमध्ये वाढवली आणि मेमरीत लिहिली ती इंटरप्ट चालू केल्यानंतर. मधल्या दोन सूचनांच्या फटीत यूएआरटीचा इंटरप्ट आला की जुनी मोजणी दिसते.

उपाय म्हणजे असेंब्लीला मेमरी क्लॉबर लावणं. शेतात या वाफ्याचं पाणी त्या वाफ्यात जाऊ नये म्हणून बांध घालतात, तसा हा मेमरीच्या लिखाण-वाचनांना घातलेला बांध. प्रोसेसरसाठी एकही सूचना वाढत नाही, अडवला जातो तो फक्त कंपायलर. एआरएमच्या सीएमएसआयएस हेडरमधल्या इंटरप्ट बंद-चालूच्या फंक्शनांत तो आहे. आपल्या कर्नलमध्ये तीच दोन फंक्शनं हाताने लिहिलेली होती, क्लॉबर सोडून.

इंटर्नच्या ब्रँचमध्ये रांगेचे सगळे ग्लोबल व्होलटाइल होते, म्हणून तिथे मोजणी जागेवर राहिली होती. पण मजकुराचा बफर पॉइंटरने यायचा आणि पॉइंटरच्या प्रकारात व्होलटाइल नव्हता. मोजणी बरोबर, मजकूर मागाहून. त्याला हे ऑब्जडंपमध्ये त्याचं त्यालाच शोधायला लावलं. शोधलं पोराने, जेवण थंड झालं.

जाता जाता: एका क्रिटिकल (इंटरप्ट बंद ठेवून चालणाऱ्या) भागात दुसरा आला तर आतला बाहेर पडताना सरसकट इंटरप्ट चालू करत होता. आता प्रायमास्कची (इंटरप्ट बंद-चालू ठेवणारं रजिस्टर) आधीची स्थिती जपून तीच परत ठेवली जाते.

१९ मे

ओ-टूची (वेगावर भर देणारी लेव्हल) साइज बघावी म्हणून एक बिल्ड केलं. सुरू होता होताच स्टॅक संपला.

गंमत अशी की आपलं कर्नल सी लायब्ररी वापरत नाही, मेमसेट स्वतःचा आहे: एक लूप, बाइट बाइट भरणारा. जीसीसी १०पासून ओ-टूलाच असे लूप ओळखले जातात आणि त्यांच्या जागी मेमसेटला हाक घातली जाते. मेमसेटच्या आत मेमसेट. आपली टूलचेन १०.३. फ्रीस्टँडिंग फ्लॅग (सी लायब्ररी नाही असं सांगणारा) होता, पण तो इथे कामाचा नाही. मेमसेट, मेमकॉपी, मेममूव्ह आणि मेमकंपेअर ही चार फंक्शनं जीसीसी फ्रीस्टँडिंगमध्येही गृहीत धरतं. त्या एका फाइलपुरता लूप ओळखण्याचा फ्लॅग बंद केला. ओ-टूची साइज ओ-एसपेक्षा बरीच जास्त निघाली, ओ-एसवरच राहू.

एलियासिंगसाठी लिनक्सप्रमाणेच स्ट्रिक्ट एलियासिंग (वेगळ्या प्रकारांचे पॉइंटर एकाच जागेकडे बघत नाहीत हे कंपायलरचं गृहीतक) बंद. कॉन्फिगरेशन वाचणारा कोड बाइटांच्या अॅरेकडे स्ट्रक्चर म्हणून बघतो. तो नीट लिहायला हवा, पण या महिन्यात नाही.

२१ मे, धानोरा

विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून सकाळीच निघालो. नानांची बाग, चोपडा तालुका. या आठवड्यात थ्री-फेज रात्रीची, त्यामुळे दिवसा व्हॉल्व्ह कोरडेच तपासायचे.

बोर्ड लावला, मेसेज मराठीत आला, नानांनी मोठ्याने वाचून दाखवला. "व्हॉल्व्ह तीन चालू." मग व्हॉल्व्हजवळ कान लावला. "बंद शे भाऊ." खरंच बंद. टक् आवाजच नाही.

हे लॅचिंग सोलेनॉइड आहेत. एका दिशेने छोटा पल्स दिला की उघडतो, उलटा दिला की मिटतो, मधल्या वेळात करंट लागत नाही. आमचा पल्स ५० मिलिसेकंदांचा. तो मोजला जायचा रिकाम्या फॉर लूपने. ज्या लूपचा काही परिणाम नाही तो ओ-एसला राहणार कसा? पल्स मायक्रोसेकंदांचा झाला, कॉइलला कळायच्या आत संपला. कार्यशाळेत व्हॉल्व्हऐवजी एलईडी लावून तपासत होतो, आणि आउटपुट रजिस्टर व्होलटाइल असल्यामुळे लिखाण दोन्ही होत होतं. लॉजिक अॅनालायझर त्या पिनवर नव्हता.

बांधावर बसून लूपच्या जागी टिकवरचा विलंब टाकला. हे ७२ मेगाहर्ट्झच्या घड्याळाशी बांधलेलं नाही, म्हणजे पुढे बॅटरी वाचवायला क्लॉक कमी केलं तरी पल्स तेवढाच राहील. मिटण्याचा पल्सही तसाच बदलला. टक्. नानांनी चहा सांगितला आणि विचारलं की मेसेजमध्ये पाण्याचा दाब येईल का. बघू.

२३ मे

काहीही मोडलेलं नसताना कोड वाचायला बसलो, कारण आतापर्यंत जे सापडलं ते सगळं फटाफट मरणारं होतं.

टिक साइन केलेल्या ३२ बिटांचा आहे. दर मिलिसेकंदाला एक, म्हणजे सुमारे २५ दिवसांनी तो कमाल किमतीला पोचतो. बोर्डला बॅटरी आहे, गावची वीज गेली तरी टिक चालूच राहतो, त्यामुळे २५ दिवस ही बागेतली रोजची गोष्ट. लेखकांना हे माहीत होतं: मुदत म्हणजे आत्ताचा टिक अधिक ठरलेला विलंब, आणि मुदत आत्तापेक्षा लहान निघाली तर ओव्हरफ्लो झाला असं समजून वेगळी वाट. ओ-झिरोला ही वाट खरोखर चालते. पण सीमध्ये साइन केलेल्या आकड्याचा ओव्हरफ्लो होतच नाही असं कंपायलरला धरता येतं, आणि धनात्मक आकडा मिळवल्यावर बेरीज लहान कशी होईल? ओ-एसच्या बिल्डमध्ये ती वाट नाही. पुसलेली.

म्हणजे लागवडीनंतर पंचवीसेक दिवसांनी, पाऊस ओढ देत असेल तर नेमक्या गरजेच्या वेळी, वेळापत्रक गोठलं असतं. आणि बंद-चालू केलं की ठीक झालं असतं, म्हणून कोणी खोलात गेलंही नसतं.

टिक अनसाइन्ड केला. तुलना वजाबाकीने: दोन टिकांतलं अंतर काढायचं आणि ते अंतर धन की ऋण ते बघायचं. लिनक्सचे टाइम-आफ्टर मॅक्रो हेच करतात. अनसाइन्डची वजाबाकी गुंडाळून येणं भाषेतच ठरलेलं आहे, तिथे कंपायलरला काही धरून चालायला जागा नाही.

तपासणीची युक्तीही लिनक्सकडूनच घेतली. तिथे जिफीची (लिनक्सचा टिक) सुरुवात शून्यापासून होत नाही, अशा आकड्यावर होते की बूटनंतर पाच मिनिटांत ३२ बिट भरून गुंडाळी व्हावी. गुंडाळीत कोणाचा कोड मोडत असेल तर तो बूटनंतर लगेच कळावा, हा हेतू. आपल्या टिकलाही तसंच केलं, आणि फक्त तपासणीच्या बिल्डमध्ये नाही, विकल्या जाणाऱ्या बोर्डांतही. पाच मिनिटांनी होणारी गुंडाळी बोर्ड लावायला गेलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर होईल.

२७ मे

धानोऱ्याच्या बोर्डवरून मेसेज नियमित. कार्यशाळेत तीन बोर्ड यूएआरटीच्या माऱ्याखाली, एकही मेसेज गहाळ नाही. फ्लॅश ४२ केबी. दाबाच्या सेन्सरला जागा आहे.

इंटर्नने विचारलं की कंपायलर आहे त्याच व्हर्जनला गोठवायचा का. गोठवला. पण त्याचं कारण वेगळं: बिल्ड पुन्हा तंतोतंत तसाच निघावा. नव्या कंपायलरच्या भीतीने गोठवलं तर आपण ओ-झिरोच्या जागी १०.३ला बांधले जाऊ, एवढंच. म्हणून रात्रीच्या चाचणीत नव्या जीसीसीने आणि क्लँग या दुसऱ्या कंपायलरनेही बिल्ड होतं. बोर्डवर जात नाही, फक्त बेंचवर चालतं. २०२०मध्ये जीसीसी १०ने लिनक्सचं एक्स८६वरचं बूट अडवलं होतं: स्टॅक कॅनरी (स्टॅक बिघडला का ते ओळखायला ठेवलेला आकडा) ठरवणाऱ्या फंक्शनची शेवटची हाक टेल-कॉल (परत न येणारी थेट उडी) व्हायला लागली, मग उडीआधी त्याच फंक्शनने कॅनरी तपासायला घेतली, जी त्यानेच मध्ये बदललेली. तशा गोष्टी आपल्याकडे बेंचवर याव्यात.

एलटीओ (लिंक करताना सगळ्या फाइली मिळून ऑप्टिमाइझ करणं) मात्र आत्ता नाही. आणखी तीन-चार केबी मिळतील, पण फाइलींच्या सीमा पुसल्या जातील आणि प्रत्येक क्रिटिकल भाग पुन्हा ऑब्जडंपमध्ये वाचावा लागेल. शिवाय असेंब्लीतल्या वीक (खरा आला की बाजूला होणाऱ्या) हँडलरसमोर सीमधला खरा हँडलर गाळला जाण्याची तक्रार जुनी आहे. मृगबागेचे बोर्ड ओ-एसवर जातील. पुढचं काम: कॉन्फिगरेशन वाचणारा कोड मेमकॉपीने लिहिणं, मग स्ट्रिक्ट एलियासिंगचा फ्लॅग काढून बघणं.